पीएल मॅपमध्ये हिऱ्यात नसलेले पट्टे, डाग आणि चढ-उतार : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

सीव्हीडी (म्हणजे वायूतून थराथराने वाढवलेल्या) हिऱ्याच्या चकतीचा फोटोल्युमिनेसन्स मॅप (पीएल मॅप, लेझर पाडल्यावर हिरा कुठे किती चमकतो त्याचा नकाशा) काढला आणि त्यात डावी कड उजळ, उजवी काळपट दिसली, की बहुतेक ठिकाणी पहिला फोन हिरा वाढवणाऱ्याला जातो. ‘तुमच्या रिअॅक्टरमध्ये नायट्रोजन एका बाजूला जास्त पोचतोय.’ तिकडे तो माणूस गॅसच्या जोडण्या उघडून बसतो. इकडे आठवड्याभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की चकती डबल टेपवर तिरकी बसली होती.

ही तक्रार वेगवेगळ्या वेषात येत राहते आणि दर वेळी निस्तरायचा क्रम तोच असतो, म्हणून तो इथे सविस्तर लिहितो आहे. डोळ्यासमोर ठेवलेलं यंत्र म्हणजे नेहमीचा कॉन्फोकल (एका वेळी एकाच बिंदूचा प्रकाश टिपणारा) रामन-पीएल मायक्रोस्कोप : ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, सरकणारं स्टेज, प्रत्येक बिंदूवर एक स्पेक्ट्रम. मग हव्या त्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढून त्याला रंग द्यायचा, की झाला मॅप. सिंथेटिक हिऱ्यात बहुधा तीन रेषा पाहिल्या जातात. ५७५ आणि ६३७ नॅनोमीटरच्या रेषा एनव्ही केंद्राच्या, म्हणजे नायट्रोजनचा अणू आणि त्याच्या शेजारची कार्बनची रिकामी जागा या जोडीच्या. पहिली विद्युतभार नसलेल्या एनव्हीची, दुसरी ऋणभारित एनव्हीची. ७३७ची रेषा सिलिकॉन-व्हेकन्सीची. सीव्हीडीच्या भांड्यातल्या क्वार्ट्झच्या खिडक्या आणि भाग प्लाझ्मा कुरतडतो, तिथून सिलिकॉन हिऱ्यात शिरतं.

एक गोष्ट आधी मनात पक्की असू द्या. मॅपमधल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड हा गुणाकार असतो : तिथली केंद्रं किती, त्या क्षणी लेझरची ताकद किती, फोकस कुठे, पृष्ठभाग कसा, किती प्रकाश बाहेर निसटला आणि सॉफ्टवेअरने काय वजा केलं. यातला पहिला आकडा हिऱ्याचा, बाकी सगळे आपले. त्यामुळे आधी आपले तपासायचे.

लक्षणं

– संपूर्ण मॅपभर एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू उतरत जाणारा उजेड.
– स्कॅनच्या ओळींना तंतोतंत समांतर असे आडवे पट्टे, किंवा मॅपच्या मध्येच एका ओळीपासून उजेडाची एकदम पायरी.
– सुटे, फार तेजस्वी ठिपके. काही एकाच पिक्सेलचे, काही धुरकट कडांचे.
– चकतीची सगळी किनार उजळ, जणू अशुद्धी कडेलाच गोळा झाली आहे.
– तीच जागा दुसऱ्यांदा स्कॅन केली की उजेड वेगळा.
– एनव्हीचा, सिलिकॉनचा आणि रामनचा (खुद्द हिऱ्याच्या स्फटिकाने विखुरलेल्या लेझर-प्रकाशाचा) असे तिन्ही मॅप दिसायला अगदी सारखे.
– ६९३–६९४ नॅनोमीटरजवळ दोन टोकदार रेषा, सगळ्या बिंदूंवर.
– हिऱ्याच्या आत खोलवर फोकस नेऊन घेतलेला मॅप चकतीच्या जाडीशी जुळत नाही. ५०० मायक्रॉनची चकती २०० मायक्रॉनवरच ‘संपते’.

तिन्ही मॅप सारखे दिसणं हे लक्षण बाकीच्यांपेक्षा बोलकं. नायट्रोजन आणि सिलिकॉन अगदी एकाच नक्षीत बसण्याचं सहसा कारण नसतं, आणि रामनच्या रेषेची उंची तर अशुद्धीवर अवलंबूनच नाही. ती नक्षी तिन्हीत उमटली असेल तर हिऱ्यावर बोलायची वेळ अजून आलेली नाही.

लेझर बंद ठेवून एक ओळ स्कॅन करा

फुकट, आणि दोन मिनिटांचं काम. शटर बंद, बाकी सेटिंग जशीच्या तशी. स्पेक्ट्रम सपाट यायला हवा. ५४६ नॅनोमीटरला टोक दिसलं तर ते ट्यूबलाइटच्या पाऱ्याचं, ६११च्या आसपास दिसलं तर त्याच ट्यूबच्या लाल फॉस्फरचं. एलईडी दिव्याचा आणि मॉनिटरचा प्रकाश रुंद कुबडासारखा येतो आणि जास्त फसवतो, कारण त्याला टोक नसल्यामुळे तो हिऱ्याचीच पार्श्वभूमी वाटतो. स्टेजच्या कंट्रोलरवरचा इवलासा लाल दिवासुद्धा विसरू नका; काळी इन्सुलेशन टेप लावली की विषय मिटतो.

हे आधी का? कारण खोलीतला उजेड बदलता असतो. अर्ध्या स्कॅननंतर कुणी शेजारच्या टेबलावरचा दिवा लावला, की त्या ओळीपासून पुढे पायरी दिसते आणि आपण तिला ‘वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण’ म्हणून मोकळे होतो.

एकाच पिक्सेलचे सुटे तेजस्वी ठिपके बहुतेकदा कॉस्मिक किरणांचे. डिटेक्टरवर येऊन आदळलेला एखादा कण स्पेक्ट्रममध्ये सुईसारखी रेषा काढतो, दर वेळी वेगळ्या जागी. तोच बिंदू पुन्हा मोजा. रेषा गेली तर प्रश्न संपला.

हिरा ९० अंश फिरवा, स्कॅन तसाच ठेवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नक्षी हिऱ्याबरोबर फिरली तर ती हिऱ्याची किंवा हिऱ्यावर चिकटलेल्या कशाची तरी. जिथल्या तिथे राहिली तर ती यंत्राची. आडवे पट्टे फिरवल्यानंतरही आडवेच राहिले तर लेझरची ताकद खालीवर होते आहे किंवा स्टेज अडखळतं आहे. नक्षीच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या येत असतील तर स्टेज जाता-येता दोन्ही दिशांना मोजतं आहे आणि परतीच्या वेळी थोडं मागे पडतं आहे. स्कॅन एकाच दिशेने लावा. वेळ जास्त लागेल, लागू द्या.

९० अंशच का? नेहमीच्या सीव्हीडी चकतीचा सपाट भाग १०० पातळीचा (स्फटिकाच्या घनाकृतीच्या एका बाजूला समांतर) असतो आणि त्या दिशेने स्फटिक चौपट सममित असतो. ९० अंशांनी फिरवल्यावर लेझरच्या ध्रुवीकरणाला तो पुन्हा तसाच सामोरा येतो. तीस-चाळीस अंश फिरवलं तर ध्रुवीकरण आणि हिऱ्यातला ताण मिळून उजेड थोडा बदलू शकतो, आणि एक शंका मिटवताना दुसरी उभी राहते.

एक पळवाट मात्र बुजवून ठेवा. हिरा टेपसकट, होल्डरसकट फिरवला तर टेपचा तिरकेपणाही बरोबर फिरतो आणि चाचणी निकामी होते. हिरा उचलून, नव्याने बसवून फिरवा.

सॉफ्टवेअर काय मोजतंय ते उघडून बघा

अजूनही एक रुपया खर्च झालेला नाही. मॅपवरचा सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा असे दोन बिंदू निवडा आणि त्यांचे पूर्ण स्पेक्ट्रम एकमेकांवर ठेवून बघा. नुसत्या रंगीत मॅपवरून निष्कर्ष काढणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे. दोन स्पेक्ट्रम समोर ठेवले की वाद आपोआप मिटतो.

इथे पहिला सापळा ५३२च्या लेझरचाच. हिऱ्याची रामन रेषा १३३२.५ प्रति सेंटिमीटरला असते, ५३२ने उत्तेजित केल्यावर ती ५७२.६ नॅनोमीटरला पडते. एनव्हीची ५७५ची रेषा तिच्यापासून जेमतेम अडीच नॅनोमीटरवर. विरळ रेघांचं ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी) लावून मोठ्या भागाचा झटपट मॅप काढला की दोघी एका कुबडात मिसळतात आणि ५७५चा म्हणून काढलेला मॅप प्रत्यक्षात रामनचा, म्हणजे फोकसचा मॅप असतो. बारीक ग्रेटिंग लावा, किंवा ५१४.५चा लेझर हाताशी असेल तर तो वापरा. त्याची रामन रेषा ५५२.४ला जाते आणि ५७५चा रस्ता मोकळा होतो.

दुसरा सापळा दुय्यम रामनचा. ५३२खाली तो साधारण ६१० ते ६२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येतो, नेमका ५७५च्या एनव्हीच्या रुंद शेपटीवर. शुद्ध हिऱ्यात तिथे दिसणारा उंचवटा म्हणजे अशुद्धी नव्हे.

तिसरा सापळा सगळ्यात महागात पडणारा. ६३७ची रेषा ५७५वाल्या केंद्राच्या शेपटीवर बसलेली असते. सॉफ्टवेअरला ‘६३० ते ६४५मधली सगळी बेरीज कर’ असं सांगितलं की त्या बेरजेत बराचसा हिस्सा शेपटीचाच असतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना छोटी बेसलाइन टाकून फक्त वरचा उंचवटा मोजायचा. हे एक बदललं तरी कित्येक ‘विचित्र’ मॅप सरळ होतात.

स्वच्छता

हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. किंबर्लीच्या खाणींत याच गुणावर हिरे वेचायचे : खडीमिश्रित पाणी ग्रीस लावलेल्या टेबलावरून सोडायचं, दगड वाहून जायचे, हिरे अडकून राहायचे. आपल्या टेबलावर हाच गुण डोकेदुखी होतो. बोटाचा ठसा, टेपचा डिंक, पॉलिशिंगच्या तेलाचा अंश हे सगळं हिरव्या लेझरखाली रुंद, पिवळट-लाल चमक देतं.

क्रम असा : आधी अॅसिटोन, मग ते वाळू न देता आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरड्या नायट्रोजनचा झोत. नुसतं अॅसिटोन टाकून वाळू दिलं तर थेंबाच्या कडेला विरघळलेली घाण गोल रेघेत जमते, आणि मॅपवर सुबक कडं उमटतं. असं कडं ‘वाढीचं वर्तुळ’ म्हणून अहवालात गेलेलं मी पाहिलं आहे. ओळखायची खूण सोपी : सीव्हीडीच्या एकस्फटिक चकतीत वाढीच्या खुणा सरळ रेघांच्या, स्फटिकाच्या दिशांना धरून असतात, थेंबासारखी वळणदार कड दिसली की आधी धुऊन बघायचं.

चिमट्याकडेही बघा. स्टीलचा चिमटा हिऱ्याच्या कडेवर घासला की झिजतो चिमटा, हिरा नव्हे, आणि कडेवर करड्या धातूची बारीक रेघ राहते. मायक्रोस्कोपखाली परावर्तित प्रकाशात ती चकाकते, मॅपवर तिच्या जागी काळा ओरखडा येतो. प्लास्टिकच्या टोकाचा किंवा हवेने धरणारा चिमटा घ्या. पुसायला कापड वापरत असाल आणि पुढे डीप यूव्हीखाली (आखूड तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाखाली) फोटो काढायचा असेल तर पांढरंशुभ्र सुती कापड टाळा. त्याला पांढरेपणा आणायला लावलेलं रसायन अतिनील प्रकाशात निळं चमकतं, आणि एकेक धागा हिऱ्यातल्या निळ्या रेषेसारखा दिसतो.

धुऊनही चमक गेली नाही तर पृष्ठभागावर काळा, ग्राफाइटसारखा कार्बन असू शकतो. लेझरने कापलेल्या कडांवर तो हमखास असतो. तो जातो उकळत्या तीव्र आम्लात. पण हे काम ज्यांच्याकडे चालू फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि त्याची सवय असलेला माणूस आहे त्यांचं. तुमच्याकडे ते नसेल तर चकती तशा ठिकाणी पाठवा. काचेच्या बीकरमध्ये, खिडकीशेजारी हे करायचं नाही.

खाली काय ठेवलंय?

हिरा पारदर्शक, त्यामुळे लेझर आरपार जाऊन खालच्या वस्तूलाही चमकवतो. ६९२.९ आणि ६९४.३ नॅनोमीटरची जोडी दिसली की पांढऱ्या सिरॅमिकचा होल्डर बदला. ही अॅल्युमिनातल्या अंशमात्र क्रोमियमची चमक, माणकाच्या लाल रंगामागे असते तीच. गंमत म्हणजे चकती जिथे पातळ किंवा स्वच्छ तिथे ती जास्त दिसते, म्हणून मॅपवर तिची छान ‘रचना’ही उमटते. काचेची स्लाइड रुंद पार्श्वभूमी देते, डबल टेप त्याहून जास्त.

होल्डर रिकामा ठेवून तोच स्कॅन घ्या आणि फाइल जपून ठेवा. सिलिकॉन वेफरचा तुकडा किंवा स्वच्छ धातूची पट्टी बहुतेक कामांना पुरते.

तिरकेपणा, फोकस आणि खोली

आता थोडी मेहनत. चकतीच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध फोकस करून प्रत्येक ठिकाणची उंची लिहून घ्या. उच्च क्षमतेच्या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली एखाद्या मायक्रॉनच्या आसपास असते. कोपऱ्या-कोपऱ्यांत दहा-वीस मायक्रॉनचा फरक निघाला तर सुरुवातीला सांगितलेल्या त्या उतरत्या उजेडाचं कारण सापडलं. चकती टेपवरून काढून सपाट जागी ठेवा. पॉलिशिंगमध्येच ती पाचरीसारखी झाली असेल तर सॉफ्टवेअरला उतार सांगून स्कॅन करा, किंवा प्रत्येक बिंदूवर रामनची रेषा सर्वांत उंच होईल तिथे फोकस लावा.

हिऱ्यात खोलवर घेतलेल्या मोजमापाचं गणित वेगळं आणि ते डोक्याला ताप देतं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४१७. स्टेज १० मायक्रॉन वर घेतलं की हिऱ्यातला फोकस १० नव्हे, किमान २४ मायक्रॉन आत जातो. ‘किमान’ म्हटलं कारण हा हिशेब ऑब्जेक्टिव्हच्या मधून जाणाऱ्या किरणांचा. ०.९ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती तिरक्या किरणांपर्यंत काम करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हच्या कडेने येणारे किरण त्याच वेळी सुमारे ५१ मायक्रॉनवर भेटतात. म्हणजे आत जाताना फोकस हा बिंदू राहत नाही, २४ ते ५१ मायक्रॉन अशी उभी रेघ होते, आणि जितकं खोल जाल तितकी ती लांबते. ५०० मायक्रॉनची चकती स्टेजच्या आकड्यांत २००च्या आसपास संपते ती याचमुळे. खोल थराचा मॅप अंधुक आला तर तिथे केंद्रं कमी आहेत असं म्हणू नका. आतली रचना बारकाईने हवी असेल तर चकती उभी ठेवून कडेच्या पॉलिश केलेल्या बाजूवरून मॅप काढा. सीव्हीडी हिऱ्याचे वाढीचे थर, मध्येच वाढ थांबवून पुन्हा सुरू केल्याच्या रेषा आणि बियाण्याच्या (जिच्यावर हिरा वाढवला त्या) चकतीची हद्द तिथून सगळ्यात स्पष्ट दिसतात.

उजळ किनारीचं कारणही अपवर्तनांकातच. हिऱ्याच्या आतून पृष्ठभागावर २४.४ अंशांपेक्षा तिरक्या पडलेल्या प्रकाशाला बाहेर पडता येत नाही. तो आतल्या आत आपटत कडेपर्यंत जातो आणि तिथे सुटतो. कडेपासूनचे पन्नासेक मायक्रॉन मी अहवालात वापरतच नाही. ज्यांना कडेचीच माहिती हवी त्यांनी ती बाजू पॉलिश करून घ्यावी आणि तिच्यावरून वेगळा स्कॅन करावा.

लेझरची ताकद आणि रामनने भागणं

लेझर निदान अर्धा तास चालू ठेवून मग मोजायला घ्या. नंतर एकाच बिंदूवर ताकद निम्मी करून बघा. सगळ्या रेषा निम्म्या झाल्या पाहिजेत. एखादी झाली नाही तर एकतर डिटेक्टर भरून वाहतोय किंवा केंद्रंच संपृक्त होत आहेत. कोणत्याही परिस्थितीत त्या सेटिंगवर काढलेल्या मॅपमध्ये उजळ जागा चेपलेल्या असणार, आणि ‘वितरण एकसारखं आहे’ असा खोटा दिलासा मिळणार.

मग प्रत्येक बिंदूची रेषा त्याच बिंदूच्या रामन रेषेने भागा. रामनची उंची लेझरची ताकद आणि फोकस दोन्हीबरोबर खालीवर होते, म्हणून भागल्यावर हे दोन्ही बऱ्याच अंशी कटतात. बऱ्याच अंशी, पूर्ण नाही : पातळ, पृष्ठभागाजवळच्या थरातली एनव्ही आणि संपूर्ण जाडीतून येणारी रामन यांचं फोकसशी नातं वेगळं असतं. आणि रामन रेषा स्वतःच डिटेक्टर भरून टाकत असेल तर भागाकाराने मॅप सुधारण्याऐवजी बिघडतो.

दुसऱ्या वेळी उजेड वेगळा का?

इथून पुढे चूक यंत्राची नसून भौतिकशास्त्राची असते, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा. एनव्ही केंद्र इलेक्ट्रॉन घेऊन ऋणभारित होतं, सोडून उदासीन होतं, आणि जोरदार हिरवा प्रकाश ही देवाणघेवाण दोन्ही दिशांना चालू ठेवतो. म्हणून ताकद बदलली की ५७५ आणि ६३७चं प्रमाण बदलतं, केंद्रांची संख्या तीच राहूनही. त्याच चकतीवर आधी डीप यूव्हीखाली फोटो काढला असेल तर भार आणखीनच हललेले असतात. चाचण्यांचा क्रम ठरवून टाका : आधी पीएल, मग यूव्ही. उलट झालं असेल तर ते नोंदवून ठेवा.

दोन्ही रेषा वेगवेगळ्या मॅप करा आणि त्यांचं गुणोत्तरही मॅप करा. एक वाढली तिथे दुसरी तेवढीच घटली असेल तर केंद्रं हललेली नाहीत, आजूबाजूचे इलेक्ट्रॉन देणारे हलले आहेत. ऋणभारित एनव्हीला इलेक्ट्रॉन देण्याचं काम सहसा स्फटिकात सुटे बसलेले नायट्रोजनचे अणू करतात. त्यामुळे गुणोत्तराचा मॅप कधीकधी मूळ मॅपपेक्षा जास्त सांगतो.

याच ओघात : एनव्हीच्या मॅपला नायट्रोजनचा मॅप म्हणायची सवय सोडा. वाढलेल्या हिऱ्यात नायट्रोजनचा फार थोडा हिस्सा एनव्ही होतो. अशा सुट्या नायट्रोजनचं प्रमाण हवं असेल तर इन्फ्रारेडमध्ये ११३० आणि १३४४ प्रति सेंटिमीटरच्या शोषणाकडे जा. तिथे अवकाशातला बारकावा कमी मिळतो, पण प्रश्नाचं उत्तर मिळतं.

तरंगलांबीचं माप आणि थंड करून मोजणं

एसीची वेळ बदलली की ग्रेटिंग किंचित सरकतं. निऑन दिव्याच्या ५८५.२ आणि ६४०.२ नॅनोमीटरच्या रेषा घेऊन माप तपासा. मोठ्या मॅपच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

खोलीच्या तापमानाला ६३७ची रेषा काही नॅनोमीटर रुंद असते. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, ती सुईसारखी होते आणि पार्श्वभूमीवरून सुटी ओळखता येते. अगदी विरळ केंद्रं शोधायची असतील तर दुसरा मार्ग नाही. पावसाळ्यात मुंबईत हे करताना थंड पेटीच्या खिडकीवर दव आणि आत हिऱ्यावर हिमाचे कण जमतात, आणि मॅपवर मऊ कडांचे ठिपके येतात. पेटीत आधी कोरडा नायट्रोजन खेळवा, मग थंड करा.

एवढं झाल्यावर जे उरलं ते हिऱ्याचं

ते मात्र सॉफ्टवेअरने घासून गुळगुळीत करू नका. सीव्हीडीत कलत्या पायऱ्यांनी वाढ होते, एनव्ही त्या पायऱ्यांच्या उतारांवर कमी-जास्त बसतात, म्हणून बारीक तिरके पट्टे खरे असतात. ते हिऱ्याबरोबर फिरतात आणि स्कॅनच्या ओळींशी क्वचितच समांतर असतात. वाढ थांबवून पुन्हा सुरू केलेल्या हद्दीवर ७३७ची रेषा उसळी मारते. डीप यूव्हीखाली वाढीच्या दिशेने धावणारे निळे धागे डिसलोकेशनच्या (स्फटिकरचनेतल्या रेषेसारख्या दोषांच्या) जुडग्यांचे. एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये त्याच जागी ताणाची फुलं दिसली तर खात्री पटते.

एचपीएचटी (प्रचंड दाब आणि तापमानात वाढवलेल्या) हिऱ्यात चित्र वेगळंच. तिथे १११ आणि १०० पातळ्यांची वाढ-क्षेत्रं शेजारी-शेजारी असतात आणि नायट्रोजन, बोरॉन १११ क्षेत्रांत जास्त जातात, म्हणून मधोमध क्रॉससारखी आकृती येते. धातूच्या द्रावकातलं निकेल ८८३–८८४ नॅनोमीटरची जोडरेषा देतं, तीही १११ क्षेत्रांतच. क्षेत्रांच्या सीमेवर उजेडाची एकदम पायरी दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती तशीच असते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लेझरची ताकद त्याच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा कायम कमी दिसते, पिनहोल (फोकसबाहेरचा प्रकाश अडवणारं बारीक भोक) हलल्यासारखा वाटतो (सगळे मॅप अंधुक, पण दिव्याखालचा फोटो स्पष्ट), शटर बंद असताना डिटेक्टरचा आकडा महिन्यागणिक चढतो आहे : या तिन्ही वेळी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. लेझरचं झाकण उघडून, इंटरलॉक (झाकण उघडताच लेझर बंद करणारी सोय) बायपास करून जुळवणी करायचा मोह अनेकांना होतो. ५३२चा काही शे मिलिवॉटचा परावर्तित किरण डोळ्यावर पडला तर दृष्टी कायमची जाते. हे काम कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचं, आणि त्याच्या भेटीचे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही. बोलावताना त्याला रिकाम्या होल्डरचा स्कॅन, निऑनचं माप आणि निम्म्या ताकदीची चाचणी अशा तीन फाइली आधीच पाठवा. निम्मा दिवस वाचतो.

एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद, लहान खोलीत ऑक्सिजन मोजणारा गजर नसेल तर थंड मोजमाप करू नका. डीप यूव्हीचा दिवा झाकण उघडून बघायचा नाही. कॅथोडोल्युमिनेसन्स आणि एक्स-रे टोपोग्राफीची यंत्रं त्यांच्या प्रशिक्षित ऑपरेटरशिवाय हाताळायची नाहीत. शंका पीएलने सुटत नसेल तर नमुना त्यांच्याकडे पाठवा, सोबत आपला मॅप आणि कोणता भाग बघायचा त्याची खूण जोडा.

आणि प्रश्न दोष कुठे आहेत हा नसून हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला हा असेल, त्यावर सौदा किंवा कागद अवलंबून असेल, तर एकट्या मॅपवर सही करू नका. इन्फ्रारेड, पीएल आणि डीप यूव्ही तिन्ही करणाऱ्या रत्न-प्रयोगशाळेत खडा द्या. सुरतेतून आलेली आणि मुंबईत बीकेसीच्या हिरेबाजारात विकायची असलेली पाकिटं बघताना घाई सगळ्यांनाच असते, तरीही.